घोडी जित्ती हाये ना?

संपलं बाप्पा एकदाचं. मागच्या आठवड्यात एका रात्री पावणेचार वाजता कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्याच्या केबिनमधे, पायावर रिकामं पोतं न् टेबलावर गार झालेला चहा, अशा अवस्थेत 'द व्हील ऑफ टाइम' या इंग्रजी कादंबरी-मालिकेचं १४ वं म्हणजे शेवटचं पुस्तक संपलं. २००९ ला सुरू केलं होतं. एवढ्यात माझं लग्न झालं, पोरगी चौथीत गेली, समोरचे केस गेले आणि मी एकच गोष्ट वाचून राहिलो होतो. बायको म्हणते एवढ्यात लोकं दोन पीएचडी करतात. करत असतील.

पोस्ट मोठी आहे. तुरीच्या शेंगा उकडून घेऊन बसा.

मी मराठी मीडियमचा, नागपूरला बीएससी करायला गेलेला, इंग्रजी पेपरची हेडलाइन वाचून खालची बातमी सोडून देणारा. बर्डीवर फूटपाथवर जुनी पुस्तकं पाहता पाहता एक जाडजूड पुस्तक ६० रुपयात मिळालं. एवढी पानं ६० रुपयात म्हणजे सौदा फायद्याचा, एवढाच विचार. दीडशे पानं डिक्शनरी घेऊन रेटली तरी कोण कोणाचा कोण लागते कळेना, मला वाटलं इंग्रजी कादंबरी अशीच असते, ओळख-पाळख करून देत नाही. मग रूममेटनं आतलं पान दाखवलं, अबे हे चौथं आहे. तेव्हा कुठं पहिलं शोधलं, 'द आय ऑफ द वर्ल्ड', १९९० चं.

त्यात नायनीव नावाची एक पोरगी आहे, गावची वैदीण म्हणा. तिला राग आला की ती आपली ब्रेड ओढते. मी किती दिवस समजत होतो की ही बाई चिडली की पाव काहून ओढते आणि हिच्याजवळ दर वेळी पाव येते कुठून. डिक्शनरीत पाहिलं तर वेणी. तो शब्द मात्र जन्मभर विसरणार नाही, कारण १४ पुस्तकांत तिनं ती वेणी एवढ्यांदा ओढली की दुसऱ्या कोणाची असती तर हातात आली असती.

गोष्ट थोडक्यात सांगतो. एक आडगाव. मेंढ्या आणि तंबाखू हेच उत्पन्न. सरकारचा वसुलीवाला पिढ्यानपिढ्या फिरकलेला नाही (सुखी लोक). त्या गावातली तीन पोरं, रँड, मॅट आणि पेरिन. त्यातला एक जगाला वाचवणार किंवा बुडवणार, बहुतेक दोन्ही करणार. आणि काळ म्हणजे एक चाक, त्याला सात आरे, एकेक आरा म्हणजे एकेक युग, जे झालं ते विसरलं जाते आणि फिरून पुन्हा येते. इंग्रजीतल्या लोकांना हे लय भारी वाटलं. आपल्याला काय, आपल्या आजीनं शेंगा फोलता फोलता चारही युगं सांगितली असतात. तरी सांगतो, परक्या माणसाच्या तोंडून आपल्या घरची गोष्ट ऐकताना जे वाटते ते वाटलं. ते चाक माणसांच्या आयुष्याचे धागे घेऊन कापड विणते असं त्या पुस्तकात आहे. मी काट्यावर बसतो. आमच्या इथं कापूस येते, सरकी वेगळी होते, रुईची १७० किलोची गाठ बांधते आणि ट्रकवर चढून जाते. धागा बहुतेक दुसऱ्याच मुलखात निघते. कापड आमच्याकडे परत येते ते पोळ्याच्या किंवा दिवाळीच्या आधी, दुकानात, भाव लावून. जाऊ द्या, विषय तो नाही.

विषय चौकीदार मामाचा आहे.

जिनिंगचा सीजन म्हणजे दिवाळीपासून रात्रीच्या ड्युट्या. गाड्यांची लाइन गेटबाहेर रस्त्यापर्यंत, पिकअप, ट्रॅक्टर, अजूनही दोन-चार बंड्या. भरलं वजन करायचं, चिठ्ठी फाडायची, गाडी खाली झाली की रिकामं वजन. मधल्या वेळात मी वाचत बसायचो. २०१६ च्या थंडीत मामानं विचारलं, "बाबू, रोज रोज काय वाचतं तू? एमपीएससी देऊन राह्यला का?" म्हटलं नाही मामा, गोष्ट आहे. "मंग सांग ना. येकट्यानंच काहून खातं?"

तर सुरू केलं. आत जिनच्या आवारात बिडी-काडी बंद, कापूस आहे, एक ठिणगी पुरते. म्हणून गेटच्या बाहेर पाण्याच्या टाकीपाशी पऱ्हाट्यांची शेकोटी, मामा पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणार आणि मी वऱ्हाडीत त्या गावची गोष्ट सांगणार. तंबाखू पिकवतात म्हटल्याबरोबर मामा म्हणे, "मंग आपलेच लोक होय थे." बस, तिथून पुढं ती गोष्ट आमच्या भागातली झाली. रँडचा रंद्या झाला, मॅटचा मत्या. त्या जादू करणाऱ्या बायांच्या संस्थेचं नाव मला स्वतःलाच नीट म्हणता येत नाही, त्या नुसत्या "त्या बाया" झाल्या. "त्या बायाईचं काई खरं नाई बाबू," हे मामाचं मत पहिल्या सीजनपासून शेवटपर्यंत कायम होतं, आणि पुस्तक वाचणाऱ्या सगळ्या जगाचं मत जवळपास हेच आहे.

पण मामाचा जीव अडकला होता बेलामधे. बेला म्हणजे घोडी. झिपरी, म्हातारी, दिसायला काही नाही. पहिल्याच अध्यायात वारा सुटला आहे (प्रत्येक पुस्तकाचा पहिला अध्याय वाऱ्यानंच सुरू होते), थंडी हटून राहिली नाही आणि रँड न् त्याचा बाप सणासाठी दारूची पिंपं गाडीत घालून गावाकडे चालले आहेत. ती गाडी ओढते ती बेला. पुढं राजे येतात, सैन्यं येतात, जादूच्या तलवारी येतात, आणि ही घोडी आपली मधूनमधून कुठंतरी ओझं ओढताना दिसते. मामा दर सीजनला पहिल्या दिवशी एकच विचारणार, "घोडी जित्ती हाये ना?" रंद्याचा हात तुटला तरी चालेल.

मामाची बैलजोडी होती एकेकाळी. एका कोरड्या वर्षी विकावी लागली, पोळा दोन महिन्यावर असताना. तेव्हापासून पोळ्याच्या दिवशी मामा गावात थांबत नाही, बहिणीकडे निघून जाते. हे मला त्यानं नाही सांगितलं, दुसऱ्यांकडून कळलं.

आता लेखकाचं ऐका, कारण खरी गंमत तिथं आहे. रॉबर्ट जॉर्डन. खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी. व्हिएतनामच्या लढाईत हेलिकॉप्टरवर होता, मग फिजिक्स शिकला, मग नोकरी, मग हे. थोडक्या पुस्तकांत आटोपणार होतं, गोष्ट वाढत गेली. २००६ मधे लोकांना सांगितलं की हृदयाचा आजार आहे, अॅमिलॉयडोसिस, त्यात हृदयात एक प्रोटीन साचत जाते. १६ सप्टेंबर २००७ ला गेला, वय ५८. अकरा पुस्तकं झाली होती आणि शेवट बाकी.

म्हणजे मी बर्डीवर ६० रुपये मोजले तेव्हा माणूस जाऊन दोन वर्षं झाली होती. आणि मला हे कळलं दहावं पुस्तक वाचताना! मी तर त्याला मनातल्या मनात शिव्या देऊन राहिलो होतो, की बे पुढं सरक ना, दहाव्या पुस्तकात तर बायांच्या कपड्यांवरची नक्षी आणि चहा, नक्षी आणि चहा, ६००-७०० पानं जाते पण एकही माणूस खुर्चीवरून उठत नाही. (दहावं सोडून द्या असं कोणी म्हटलं तर ऐका. मी ऐकलं नाही.) आणि ज्याला शिव्या देतो तो गेलेला. त्या रात्री मी काटा-चिठ्ठीवर दोन वेळा चुकीचं वजन लिहिलं.

मग संपवलं कोणी? तर त्याच्या बायकोनं, हॅरिएट मॅकडूगलनं, माणूस शोधला. ती नुसती बायको नव्हती, त्याची एडिटर होती. ब्रँडन सँडरसन नावाचा तिशीतला लेखक, पोरवयात हेच पुस्तक वाचून वेडा झालेला, जॉर्डन गेल्यावर त्यानं स्वतःच्या वेबसाइटवर त्याच्याबद्दल लिहिलं. ते तिच्या वाचण्यात आलं, तिनं त्याची कादंबरी वाचली आणि फोन केला. जॉर्डननं जाता जाता टिपणं ठेवली होती, घरच्यांना तोंडी सांगून ठेवलं होतं आणि शेवटचा प्रसंग स्वतःच्या हातानं लिहून ठेवला होता. एका पुस्तकाचा ऐवज म्हणता म्हणता तीन पुस्तकं झाली, २००९, २०१० आणि २०१३. सगळं मिळून ४४ लाखांच्या आसपास शब्द.

आता यावर लोकं भांडतात. शेवटची तीन ओरिजिनल नाहीत, शिवण दिसते, वगैरे. शिवण दिसते ना भाऊ, मी नाही कुठं म्हणतो. मत्या तर बाराव्या पुस्तकात दुसराच माणूस झाला. आधी तो बोलायचा तेव्हा हसू यायचं, आता तो हसवायला बोलते. मामाच्या सुद्धा ध्यानात आलं! मी काही न सांगता. म्हणे, "मत्या बिमार हाये का बाबू? लय बोलून राह्यला." मी उडालोच. म्हणजे इंग्रजी पुस्तकातली शिवण माझ्या वऱ्हाडीतून पार होऊन मामाच्या कानाला लागली.

पण म्हणून काय अर्धं ठेवायचं होतं? आपण ज्याला कादंबरी म्हणतो तो शब्दच बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून आला, आणि ती कादंबरी बाणभट्टानं पुरी केलीच नाही, तो मधेच गेला आणि पोरानं पुरी केली. म्हणजे मराठीत गोष्टीच्या या प्रकाराला जे नाव आहे ते दोन हातांनी लिहिलेल्या पुस्तकाचं आहे. आणि आमचे आबा. आमच्याकडे हिंदी वाचणं जुनं, सीपी अँड बेरारचे, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडचे लोक आपण. आबाकडे 'चंद्रकांता संतती' होती, २४ भाग, आणि 'भूतनाथ'. देवकीनंदन खत्री १९१३ मधे गेले तेव्हा 'भूतनाथ' अर्धवट होता, तो त्यांच्या पोरानं, दुर्गाप्रसादनं, पुढं नेऊन संपवला. आबा म्हणायचे मला डोळे बांधून पान वाचून दाखव, बापाचं की पोराचं ते सांगतो. बापाचा ऐयार (म्हणजे वेष पालटणारा हेर) आधी उडी मारते मग विचार करते, पोराचा ऐयार आधी विचार करते. मी एकदा परीक्षा घेतली, पाचपैकी तीन बरोबर आले. आबा म्हणे दोन ठिकाणी पोरगं बापावर गेलं.

गावात सप्त्यात पोथी वाचणाऱ्याचा घसा बसला तर दुसरा माणूस पाटावर बसते आणि अर्ध्या ओवीतून पुढं उचलते. कोणी उठून जात नाही. आवाज बदलला हे सगळ्यांना कळते, तरी समाप्तीचा प्रसाद सगळे खातात.

याउलट न संपलेलं पाहा. याचीच टीव्ही सिरीज निघाली २०२१ मधे, तीन सीजन झाले आणि २०२५ मधे बंद करून टाकली. आता तिची पात्रं तिथंच उभी राहणार, एक पाय उचललेला. मला तर भर उन्हात अर्ध्या वावरात वखर सोडून गेल्यासारखं वाटते.

एवढं सगळं ज्ञान पाजळतो, पण मी स्वतः काय केलं ते सांगायची लाज वाटते. तेरावं पुस्तक २०१९ मधे संपलं. चौदावं, 'अ मेमरी ऑफ लाइट', घरात आणून ठेवलेलं होतं, ९०० च्या वर पानं. कपाटावर, पिशवीत, कडुनिंबाचा पाला घालून. आणि मी ते उघडलंच नाही. सहा वर्षं. सुरुवातीला म्हणत होतो सीजन संपू दे, मग कोरोना आला, मग पोरीची शाळा. खरं म्हणजे ते संपलं की रात्री काट्यावर काय करू? आणि मामाला मी सांगितलं की शेवटचं पुस्तक अजून आलंच नाही. सरळ खोटं. मामा दर दिवाळीला विचारायचा, "आलं का?" मी म्हणायचो नाही मामा, लेखक गेला ना. "हौ, थे बी खरं," म्हणून बिचारा जुन्याच गोष्टी पुन्हा ऐकायचा, आणि दुसऱ्यांदा सांगताना मी त्यात माझ्या पदरचं घालायचो. एक अख्खा दुष्काळ घातला. एक तलाठी घातला. म्हणजे जॉर्डन, सँडरसन, आणि तिसरा हात मी.

या दिवाळीला मामा म्हणे, "हा सीजन शेवटचा बाबू. गुडघे नाई चालत. पोरगी म्हणते इकडं वर्ध्याले ये." आणि मग थोडं थांबून, "थे पुस्तक काई आलं नाई मंग."

म्हटलं आलं मामा. कुरियरनं आलं परवा.

त्याच रात्री पाला झटकला आणि सुरू केलं. दिवसा झोप, रात्री काटा, मधे वाचन, आणि वाचलेलं दुसऱ्या दिवशी शेकोटीवर. त्यात एक अध्याय आहे ३७ वा, शेवटची लढाई, एकच अध्याय जवळपास २०० पानांचा. तो मी एका बैठकीत वाचायचं ठरवलं आणि नेमक्या त्या रात्री गाड्यांची लाइन लागली. एका हातानं चिठ्ठी, एका हातानं पान. एका कास्तकारानं विचारलं साहेब भाव पडला का, तुमचं तोंड असं काहून झालं.

ज्याला वाचायचं आहे त्यानं आता इथूनच परत फिरा, पुढं सांगितलं म्हणून मला बोल लावू नका.

घोडी मरते.

१४ पुस्तकं ओझं ओढलेली बेला. एक लहान पोरगं रणशिंग घेऊन पळून राहिलं आहे, ते शिंग पोचलं नाही तर सगळं बुडालं, मागं राक्षस लागले आहेत आणि पोराच्या खाली आहे बेला. म्हातारी. ती पळते. अशी पळते की तिच्यात एवढं होतं हे कोणाला माहीतच नव्हतं. मग बाण लागतात आणि ती पडते. त्या प्रसंगाला फार पानं नाहीत. राजे मेले तेव्हा मी पान उलटून पुढं गेलो होतो. इथं पुस्तक पालथं ठेवलं आणि बाहेर जाऊन टाकीवर तोंड धुतलं.

पुढं लढाई संपते, आणि मग शेवटचा तो प्रसंग, जो जॉर्डननं स्वतः लिहून ठेवला होता. तीन पुस्तकं दुसऱ्याच्या हाताची वाचल्यावर वाक्यं एकदम हळू होतात. जुना माणूस परत येऊन ओट्यावर बसल्यासारखा. त्यात काय होते ते सांगत नाही, तेवढं तुमच्यासाठी ठेवलं.

आता मामाला काय सांगू? दिवसभर झोप नाही आली. तलाठी घालता येते तर घोडी वाचवता येत नाही काय? कोण तपासणार आहे? मी तर घरून पक्कं ठरवून निघालो की घोडी जित्ती ठेवायची. पण शेकोटीपाशी बसलो, मामानं खर्रा घोटणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं, आणि मी जसं होतं तसंच सांगून टाकलं. शिंग, पोरगं, बाण, सगळं.

मामा काहीच बोलला नाही. पन्नीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "शिंग पोचलं ना?" म्हटलं हो मामा, पोचलं. "मंग झालं," म्हणाला आणि गेटवर गेला. दोन-तीन दिवस जुजबी बोलणं, गाडी आली, गाडी गेली. मला वाटलं उगाच खरं बोललो.

काल रात्रीची गोष्ट. एकच्या सुमारास लाइन लागलेली, ड्रायव्हर आणि बंडीवाले शेकोटीभोवती, आणि मधे मामा. केबिनची काच थोडी उघडी होती.

"...न् मंग थे घोडी पडली. बान लागले ना दोन-तीन. पोट्ट्याले वाटलं मेली. पन थे गाभन होती, हे कोनालेच माईत नोतं. त्या बायाईले बी नाई."

"मंग?" कोणीतरी विचारलं.

"मंग काय. लढाई सरली, लोकं मुडदे उचलाले गेले, त पाह्यते त घोडी बसली हाये न् बाजूले शिंगरू उभं. वल्लं. पाय थरथर करून राह्यले."

मी काच सरकवली आणि ओरडलो, पुढची गाडी काट्यावर घ्या. कोणी हललं नाही. पुन्हा ओरडलो.

पिकअपवाला तिथूनच हात करून म्हणे, "थांबा ना बाबू दोन मिनिट, शिंगराचं आयकू द्या."